पिकअप : मोटार की मालगाडी?

बंगळूर शहराच्या वायव्य भागात, तुमकूर रस्त्याला लागून, यशवंतपूरचे बाजार आवार आहे. महाराष्ट्रातील कांदा ज्या दूरच्या पेठांत जाऊन उतरतो त्यांपैकी ही एक मोठी पेठ होय. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी या वाटेने येणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ याच बाजूने शहरात शिरतो; त्यामुळे मराठी मुलखातील क्रमांकपट्ट्या असलेले ट्रक येथे दिसावेत यात नवल नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ते अवजड ट्रक नव्हेत. ट्रकांतून उतरलेला माल दुकानोदुकानी पोचविणाऱ्या ज्या लहानमोठ्या, उघड्या पाठीच्या गाड्या तेथे रांगेने उभ्या असतात, त्यांच्याविषयी आपल्याला विचार करावयाचा आहे.

अशी एक रांग मनापुढे आणा. पहिली गाडी ‘छोटा हत्ती’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी, २००५ साली बाजारात आलेली टाटा एस. तिच्याशेजारी लांब हौद्याची, अधिक दणकट पिकअप. तिसरी १९८६ पासून आपल्या रस्त्यांवर धावत असलेली टाटा ४०७. आणि चौथी जरा वेगळी : पुढे दोन केबिने, आत मोटारीसारख्या पाच जणांच्या गाद्या, मागे मात्र उघडा हौदा. पहिल्या तिघींची क्रमांकपट्टी पिवळी आहे, चौथीची पांढरी. मराठी माणूस यांपैकी निदान दोघींना तरी बिनदिक्कत ‘टेम्पो’ म्हणेल. हा शब्द मुळात हँबुर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव; १९५८ साली नवलमल फिरोदियांनी स्थापन केलेल्या बजाज टेम्पो कंपनीमुळे तो महाराष्ट्रात आला आणि लहान मालगाडीचे सामान्यनाम होऊन बसला. लोकभाषेने केलेले हे वर्गीकरण आकारावरून केलेले आहे. कायदा आकाराकडे जवळजवळ पाहतच नाही.

कायदा दोन गोष्टी पाहतो : गाडीचे वजन आणि गाडीचा उपयोग. या दोन मापांचा गुंता कसा होतो व त्या गुंत्यात कोणाचे काय पणास लागते, हे समजून घेतले म्हणजे बराचसा विषय उलगडेल.

प्रथम वजन. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात दोन वेगवेगळी वजने सांगितलेली आहेत. नित्याच्या साधनसामग्रीसह, पण चालक व मदतनीस यांना वगळून भरणारे ते रिकाम्या गाडीचे वजन. दुसरे म्हणजे एकूण भार : गाडी व तिच्यावरील ओझे मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, याविषयी नोंदणी अधिकाऱ्याने प्रमाणित केलेला आकडा. हा आकडा कागदावरचा असतो, काट्यावरचा नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडी रिकामी धावत असली तरी तिचा ‘एकूण भार’ तोच, आणि क्षमतेबाहेर लादलेली असली तरीही तोच.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका पिकअपचे रिकामे वजन १,७०० किलो आहे व तिचा प्रमाणित एकूण भार २,९५० किलो आहे. दोहोंतील अंतर १,२५० किलोचे. त्यातून चालक व एक मदतनीस यांचे दीडशे किलो वजा केले की मालासाठी ११०० किलो उरतात. ५० किलोचे पोते धरल्यास कांद्याची बावीस पोती. आता कोणी हौसेने पस्तीस पोती चढविली, तर काट्यावर ती गाडी ३,६०० किलो भरेल. एवढ्याने गाडीचा वर्ग बदलत नाही. बदलतो तो केवळ तिचा कायद्याशी असलेला संबंध, कारण ६५० किलोंचे ते जादा ओझे गुन्हा ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याचा दंड वीस हजार रुपये, अधिक प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये असा आहे, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी येतो.

एवढा मोठा दंड कशासाठी, असे विद्यार्थ्याला वाटेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या २,९५० किलोंच्या गाडीत सुमारे ४ लाख १० हजार जूल गतिज ऊर्जा असते. तीच गाडी ३,६०० किलोंची झाली म्हणजे ही ऊर्जा ५ लाख जूल होते. ब्रेक मात्र पहिल्या वजनाच्या हिशेबाने बसविलेले असतात. रस्त्याची कथा याहून विलक्षण आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवरून ट्रक अहोरात्र फिरवून एक मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यातून असे अनुमान निघाले, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. पिकअपमध्ये जादा ओझे बहुतेक सर्व मागच्या आसावर येते. त्या आसावर २,००० किलोंच्या जागी २,६०० किलो आले, म्हणजे भार केवळ १.३ पट झाला, तर झीज जवळजवळ तिप्पट होते. वजन हे वर्गीकरणाचे पहिले माप का, याचे उत्तर या दोन हिशेबांत आहे.

या मापावर कायद्याने काही रेघा ओढलेल्या आहेत. परंतु त्या सर्व एकाच कायद्याने, एकाच हेतूने ओढलेल्या नाहीत. ज्या मालवाहू वाहनाचा एकूण भार ३,००० किलोंहून अधिक नाही, त्याला वाहतुकीचा परवाना घ्यावा लागत नाही. पुष्कळशा पिकअपचे एकूण भार तीन हजारांच्या किंचित खाली येऊन का थांबतात, हे यावरून वाचकाच्या लक्षात येईल. अभियंत्याच्या पट्टीवर विधिज्ञाची पेन्सिल फिरलेली असते. बॅटरीवर चालणाऱ्या परिवहन वाहनांना तर ऑक्टोबर २०१८ मधील अधिसूचनेने परवान्याची अटच उरलेली नाही. दुसरी रेघ ३,५०० किलोंची. ती बांधणीच्या व धुराच्या प्रमाणांसाठी आहे : तेथपर्यंतच्या मालगाड्या ‘एन-१’ या वर्गात, तेथून १२,००० किलोंपर्यंत ‘एन-२’, आणि त्यापुढे ‘एन-३’. ‘एन-१’ मध्येही धुराच्या मर्यादा ठरविताना १,३०५ व १,७६० किलो असे पोटभाग पाडलेले आहेत. तिसरी रेघ ७,५०० किलोंची. तिच्या अलीकडचे ते ‘हलके मोटार वाहन’. १२,००० किलोंच्या पलीकडचे ते अवजड मालवाहू वाहन, आणि मधले राहील ते मध्यम.

आपल्या रांगेतील पहिल्या तीन गाड्या या हिशेबाने ‘हलक्या’ आहेत. ‘हलके’ या शब्दाने फसू नये. सात टनांचे वाहन हलके म्हणणे कानाला चमत्कारिक लागते. पण कायद्याच्या भाषेत शब्दाचा अर्थ कोशात नसतो, व्याख्येच्या कलमात असतो. शिवाय या व्याख्येत एक बारकावा दडलेला आहे. परिवहन वाहन असेल तर त्याचा एकूण भार मोजायचा, आणि खासगी मोटार असेल तर तिचे रिकामे वजन! एकाच रेघेवर दोन वेगळी वजने ताडून पाहावयाची, ही व्यवस्था प्रस्तुत लेखकास फारशी सुबक वाटत नाही; परंतु व्याख्या तशी आहे.

आता दुसरे माप : उपयोग. मालवाहू वाहनाची कायद्यातील व्याख्या दोन भागांची आहे. केवळ माल वाहण्यासाठी बांधलेले किंवा त्यासाठी बदलून घेतलेले वाहन ते मालवाहू, हा पहिला भाग. पण तसे न बांधलेले कोणतेही वाहन माल वाहण्यासाठी वापरले जात असेल तेव्हा तेही मालवाहू, हा दुसरा भाग. मोटारीतून नेलेले स्वतःचे सामानसुमान ‘माल’ या शब्दातून वगळलेले आहे, ही त्यातल्या त्यात सोय. चौथ्या, पांढऱ्या पट्टीच्या गाडीकडे आता पुन्हा पाहू. दोन केबिनच्या काही पिकअप आपल्या देशात खासगी वाहन म्हणून नोंदता येतात. मालकाने हौद्यात स्वतःचे बिऱ्हाड घातले तर ती मोटार. त्याच हौद्यात विक्रीचा कांदा घातला तर व्याख्येचा दुसरा भाग जागा होतो आणि ती मालवाहू वाहन ठरते. एक पत्राही न हलविता गाडीची जात बदलते!

या जातीवर पुष्कळ काही अवलंबून असते. परिवहन वाहनाची पट्टी पिवळी व अक्षरे काळी, खासगीची पट्टी पांढरी. बंगळूरात लोक ‘यलो बोर्ड’, ‘व्हाइट बोर्ड’ अशीच नावे घेतात. विजेवरील गाडीची पट्टी हिरवी असली तरी भेद सुटत नाही : तेथे परिवहन वाहनाची अक्षरे पिवळी, खासगीची पांढरी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. परिवहन वाहनाला मात्र योग्यता प्रमाणपत्र लागते; ते आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. महामार्गावरील पथकराचे गणित पुन्हा निराळे. २००८ च्या नियमांत मोटार-जीपसाठी किलोमीटरला ६५ पैसे आणि हलक्या व्यापारी वाहनासाठी १ रुपया ५ पैसे असे पायाभूत दर होते. फास्टॅगच्या वर्गवारीत टाटा एससारख्या छोट्या मालगाड्यांना स्वतःचा वेगळा क्रमांक द्यावा लागला.

येथे भाषांतरकाराची एक अडचण सांगितल्यावाचून राहवत नाही. चालकाला मिळते ती ‘अनुज्ञप्ती’ आणि वाहनाला मिळतो तो ‘परवाना’, असा भेद महाराष्ट्राच्या राज्यकारभारातील मराठी करते. बोलताना मात्र आपण दोहोंनाही परवानाच म्हणतो, नाहीतर सरळ ‘लायसन्स’ आणि ‘परमिट’. कन्नडमध्ये वाहनाच्या परवान्याला ‘रहदारी’ म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांतील ‘राहदारी’ म्हणजे वाटेने जाऊ देण्याचा दाखला, तोच हा शब्द. आपण तो टाकला, शेजाऱ्यांनी जपून ठेवला. या लेखात अनुज्ञप्ती म्हणजे चालकाची, परवाना म्हणजे गाडीचा, एवढे वाचकांनी धरून चालावे.

आणि खरा तंटा अनुज्ञप्तीचाच आहे. १९८८ च्या कायद्यात अनुज्ञप्तीच्या प्रकारांची एक यादी आहे. प्रारंभी तीत हलके मोटार वाहन, मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, अवजड मालवाहू, अवजड प्रवासी अशी ओळ होती. १४ नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मध्यम व अवजड यांची चारही नावे काढून टाकली आणि त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ हा एकच प्रकार घातला. त्याच दुरुस्तीने हलक्या वाहनाची रेघ ६,००० किलोंवरून ७,५०० वर नेली. झाले असे, की यादीतील एक नाव वजनावरून पडलेले राहिले आणि त्याच्या शेजारचे उपयोगावरून पडले. छोटा हत्ती हलकाही आहे आणि परिवहन वाहनही आहे. मग त्याच्या चालकाला कोणती अनुज्ञप्ती हवी?

आपल्या न्यायदर्शनात उदयनाचार्यांनी जातीच्या आड येणारे जे दोष सांगितले त्यांत ‘संकर’ नावाचा एक आहे. दोन वर्ग एकमेकांना अर्धेमुर्धे छेदीत असतील तर त्यांना खऱ्या जाती म्हणता येत नाही, असे त्याचे तात्पर्य. १९९४ च्या दुरुस्तीत नेमका हा संकर झाला. वर्ग पाडताना तत्त्व एकच असावे, हा शाळेत शिकविला जाणारा नियम संसदेच्या मसुद्यातून निसटला आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या माणसांना मोजावी लागली.

ती कशी, ते पाहू. पिकअपचा अपघात होतो. कोणी दगावते, कोणाचा पाय जातो. घरची मंडळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातात. विमा कंपनी चालकाची अनुज्ञप्ती मागविते. तिच्यावर ‘हलके मोटार वाहन’ एवढेच लिहिलेले असते, ‘परिवहन’ हा शेरा नसतो. कंपनी म्हणते, हा चालक या गाडीसाठी पात्रच नव्हता; विम्याची अट मोडली, आम्ही देणे लागत नाही. देणे मग गाडीमालकावर येऊन पडते, आणि एका गाडीवर पोट असलेल्या मालकाकडून भरपाईची रक्कम वसूल होणे किती कठीण, हे सांगावयास नको. असे वाद देशभरच्या न्यायालयांत साठत गेले आणि निकालही उलटसुलट लागले.

कंपन्यांची बाजू पोकळ होती असे नव्हे. परिवहन वाहन चालविणाऱ्याचे वय निदान वीस वर्षांचे हवे, खासगीला अठरा पुरतात. परिवहनाची शिकाऊ अनुज्ञप्ती मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष जवळ असावी लागते. तिची मुदतही थोडी, पूर्वी तीन व २०१९ पासून पाच वर्षांची. हे निर्बंध लोकांच्या सुरक्षिततेसाठी आहेत. हलक्याच्या अनुज्ञप्तीवर मालगाडी चालू दिली तर त्यांना अर्थ काय उरला, असा त्यांचा प्रश्न होता. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी मुकुंद देवांगन खटल्यात चालकांच्या बाजूने कौल दिला. पुढे त्या निकालाविषयीच शंका निघाली आणि २०२२ साली प्रश्न घटनापीठाकडे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला. निकालपत्र न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांनी लिहिले. ७,५०० किलोंच्या आतील परिवहन वाहन चालविण्यास हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती पुरे, निराळ्या शेऱ्याची गरज नाही; जादा पात्रतेच्या अटी त्या रेघेपलीकडील मध्यम व अवजड वाहनांना लागू, असे ठरले. धोकादायक माल वाहणारी वाहने व ई-रिक्षा यांचे नियम वेगळेच राहिले. अशा चालकांमुळे अपघात वाढले हे दाखविणारी आकडेवारी न्यायालयापुढे कोणी मांडली नाही, ही गोष्टही निकालात नमूद आहे. कंपन्यांच्या युक्तिवादात हीच उणीव होती, असे आम्हांस वाटते.

मालगाडीत बसलेल्यांची गोष्ट मात्र अजून कठीण आहे. आपल्या मालासोबत जाणारा मालधनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांस १९९४ च्या दुरुस्तीने सक्तीच्या विम्याचे छत्र मिळाले. वाटेत हात दाखवून हौद्यात चढलेल्या माणसाला ते नाही.

हा घोळ केवळ आपल्याकडचा नाही. पिकअपचे माहेरघर अमेरिका. तेथे एकूण भारावरून आठ वर्ग पाडलेले आहेत : ६,००० पौंडांपर्यंत पहिला, १०,००० पर्यंत दुसरा, १४,००० पर्यंत तिसरा, असे पुढे. घरोघरी दिसणाऱ्या मोठ्या पिकअप बहुधा दुसऱ्या वर्गात येतात, त्यांहून थोराड त्या तिसऱ्या. साधी अनुज्ञप्ती मात्र २६,००० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ ११,८०० किलोंपर्यंत चालते. युरोपात साधी, ‘बी’ वर्गाची अनुज्ञप्ती ३,५०० किलोंवर संपते व पुढे ७,५०० पर्यंत ‘सी-१’ लागते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा उतरलेल्यांना ७,५०० किलोंपर्यंत मुभा आहे, नंतरच्यांना नाही. बाप चालवू शकतो ती गाडी मुलाला चालविता येत नाही. बॅटरीच्या वजनाने गाड्या जड होऊ लागल्या तेव्हा विजेवरील गाड्यांपुरती ही मर्यादा तेथे ४,२५० किलोंपर्यंत सैल करावी लागली. सारांश, पाच टनांची एखादी पिकअप अमेरिकेत साध्या अनुज्ञप्तीवर चालते, जर्मनीत चालत नाही, आणि आपल्याकडे ती ‘हलकी’ आहे.

उपयोगाच्या मापाची फजिती तर अमेरिकेतच पाहावी. पश्चिम युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढविली म्हणून चिडून अमेरिकेने हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसविली. ही गोष्ट १९६३-६४ ची; कोंबड्यांचा तंटा केव्हाच विरला, जकात राहिली. प्रवासी मोटारीवर मात्र अडीच टक्केच होती. तेव्हा फोर्ड कंपनीने तुर्कस्तानात बांधलेल्या छोट्या मालव्हॅन मागे आसने बसवून आणल्या, प्रवासी गाड्या म्हणून बंदरातून सोडविल्या आणि नंतर ती आसने काढून टाकली. प्रकरण वर्षानुवर्षे चालले आणि २०२४ साली कंपनीने ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन ते मिटविले. ब्रिटनमध्ये एक टन माल वाहू शकणारी दोन केबिनची पिकअप करासाठी कित्येक वर्षे ‘व्हॅन’ गणली जात होती. एप्रिल २०२५ पासून ती ‘मोटार’ झाली.

पुन्हा यशवंतपूरला येऊ. कोल्हापूर किंवा सांगलीची कोणी व्यापारी मंडळी आपली ‘एमएच’ क्रमांकाची पिकअप घेऊन येथे राहिली, तर बारा महिन्यांनंतर तिला कर्नाटकाचा क्रमांक घ्यावा लागतो. मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र त्यासाठी आणावे लागते. यशवंतपूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे चिन्ह ‘केए-०४’. क्रमांक बदलला तरी एकूण भार बदलत नाही, कारण मोटार वाहन अधिनियम साऱ्या देशाला एकच आहे. कर मात्र राज्याराज्यांचा वेगळा.

मालगाडीच्या बाजूवर रिकामे वजन व एकूण भार यांचे आकडे बहुधा रंगविलेले असतात. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या बाजारात उभ्या असलेल्या एखाद्या पिकअपवरचे ते आकडे उतरवून घ्यावेत, पट्टीचा रंग टिपावा, वजाबाकी करावी, चालक व मदतनीस यांचे वजन सोडावे, आणि मग हौद्यातील पोती मोजावीत.